चार्जिंग स्टेशन आणि करसवलत : लहान दुकानदाराचा हिशेब

(शेलूबाजार येथे भरलेल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



निवृत्त शिक्षक उभा राहिला की तो शिक्षणाचे महत्त्व सांगणार, असे श्रोते गृहीतच धरतात. ते महत्त्व आम्ही पस्तीस वर्षे वर्गात सांगितले. आज विषय निराळा घेतला आहे. तो रुक्ष आहे, त्यात आकडे आहेत आणि कायद्याची भाषा आहे. तरीही तो घेण्याचे कारण असे की, आपल्या समाजातील चार-सहा घरांचा पैसा आणि एका घराची जमीन आज त्या विषयात गुंतू पाहत आहे.

विजेवर चालणाऱ्या वाहनांसाठी चार्जिंग स्टेशन काढले तर सरकार करात सूट देते, अशी एक बोलवा गेल्या दोन वर्षांपासून आपल्या भागात पसरली आहे. ती अगदी खोटी आहे असे नाही. परंतु सूट कोणत्या करात, किती, कोणाला आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे प्रश्न विचारले की ऐकीव माहिती संपते. आमचा एक माजी विद्यार्थी, ज्याचे नाव आम्ही येथे घेणार नाही, रस्त्यालगतची आपली दोन एकर जमीन बँकेकडे गहाण टाकून असे स्टेशन काढण्याच्या विचारात आहे. त्याचे किराणा व कृषी-साहित्याचे दुकान आहे. कोणा एका कंपनीचा माणूस त्याच्याकडे येऊन एक रंगीत पत्रक देऊन गेला. ते पत्रक घेऊन तो आमच्याकडे आला. त्या पत्रकातील एकेक वाक्य तपासता तपासता आम्ही जे शिकलो, तेच आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम शेलूबाजारास हा प्रश्न का पडावा, ते पाहू. नागपूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा जुना रस्ता आपल्या गावातून जातो. त्याच रस्त्याने आपली हॉटेले, टायरची दुकाने आणि गॅरेजे पोसली. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा सबंध मार्ग पूर्ण झाला. त्यावर चढण्या-उतरण्याची वाट आपल्या शेलूबाजारला मिळाली, हे आपले भाग्य. मात्र पूर्वी जी मोटार आपल्या चौकातून जात असे, ती आता कुंपणापलीकडून जाते आणि चहाला थांबत नाही. जुन्या रस्त्यावरच्या हॉटेलवाल्यांना हे सांगण्याची गरज नाही.

अशा वेळी विजेची मोटार ही आशेची खूण वाटते. पेट्रोलची टाकी पाच मिनिटांत भरते; बॅटरी भरावयास जलद यंत्र असले तरी अर्धा-पाऊण तास लागतो. नागपूरहून निघालेली मोटार येथवर येईतो दीडशेहून अधिक किलोमीटर चाललेली असते. तिचा मालक येथे थांबला तर तो चहा घेईल, जेवेल, चार वस्तू विकत घेईल. त्यातच महाराष्ट्र शासनाच्या २०२५ च्या विद्युत्-वाहन धोरणात समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना व बसना पथकर माफ करण्याचे ठरले. म्हणजे अशा मोटारी या मार्गाने वाढणार, हे उघड आहे. आमच्या विद्यार्थ्याचा विचार मुळात वावगा नाही, हे आम्ही त्याला सांगितले. खोट आहे ती पत्रकात.

पत्रकाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत छापले होते : ‘शंभर टक्के करमुक्त व्यवसाय’.

हे वाक्य कोणत्या आधारावर लिहिले असेल? आम्हांस वाटते, ते दोन खऱ्या गोष्टींची गाठ मारून लिहिले आहे. पहिली गोष्ट अशी की, विजेच्या विक्रीवर जीएसटी नाही. घरी येणाऱ्या विजेच्या बिलावर इतर आकार असतात, पण जीएसटी नसतो. दुसरी गोष्ट अशी की, चार्जिंग यंत्रावरचा जीएसटी खरोखरच कमी झालेला आहे. जीएसटी परिषदेच्या २७ जुलै २०१९ च्या बैठकीत विद्युत्-वाहनांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के आणि चार्जर व चार्जिंग स्टेशन यांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्के करण्याचा निर्णय झाला. १ ऑगस्ट २०१९ पासून तो अमलात आला. लाख रुपये किमतीच्या यंत्रावर पूर्वी १८ हजार रुपये कर पडत असे, तो ५ हजारांवर आला. तेरा हजारांची ही बचत खरी आहे.

खरी आहे, पण कोणासाठी? ज्या व्यापाऱ्याची जीएसटीत नोंदणी आहे, तो यंत्रावर भरलेला कर आपल्या पुढील करातून वजा करून घेतो. त्याला १८ टक्के भरावे लागले असते तरी ते परत मिळालेच असते. दर कमी झाल्याने त्याचे भांडवल काही महिने कमी अडकते, इतकेच. ज्याची नोंदणी नाही, अशा लहान माणसाला मात्र ही बचत पुरेपूर मिळते. सबंध प्रकरणात लहान माणसाच्या पदरात थेट पडणारी ही एकच करसवलत आम्हांस आढळली. म्हणून ती आम्ही आधी सांगितली. पुढची कहाणी इतकी गोड नाही.

यंत्र बसले, मोटार आली, बॅटरी भरली आणि पैसे घेतले. हे पैसे विजेच्या विक्रीचे की सेवेचे? वरवर पाहता हा शब्दच्छल वाटेल. पण या एका शब्दावर सगळा हिशेब फिरतो. विद्युत् कायदा २००३ अन्वये वीज विकावयास परवाना लागतो. प्रत्येक चार्जिंग स्टेशनवाल्याने परवाना आणावा म्हटले, तर देशात एकही स्टेशन निघाले नसते. म्हणून केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने १३ एप्रिल २०१८ रोजी खुलासा केला की, चार्जिंग ही विजेची विक्री नसून सेवा आहे, सबब परवान्याची आवश्यकता नाही. पत्रकात ‘परवान्याची गरज नाही’ असे जे छापले होते, ते यामुळे बरोबर आहे. पण सेवा म्हटली की तिला सेवेचा कर लागू होतो. जुलै २०२३ मध्ये कर्नाटकातील अग्रिम निर्णय प्राधिकरणाने तेथील एका वीज वितरण कंपनीच्या अर्जावर असाच निर्णय दिला : चार्जिंग ही सेवा आहे आणि तीवर १८ टक्के जीएसटी देय आहे. असा निर्णय कायद्याने फक्त अर्जदारावर व त्याच्या कर-अधिकाऱ्यावर बंधनकारक असतो. परंतु चार्जिंगच्या पावत्यांवर १८ टक्के लावण्याचाच प्रघात आहे.

व्याकरणाच्या तासाला आम्ही मुलांना सांगत असू की, एकच शब्द एका वाक्यात नाम असतो, तर दुसऱ्यात क्रियाविशेषण. ‘वर’ हा शब्द लग्नातही असतो आणि छपरावरही असतो. तसेच हे झाले. परवान्याच्या दारात ती वीज नाही, म्हणून सुटका. कराच्या दारातही ती वीज नाही, म्हणून १८ टक्के. समजा, एका मोटारीने २० युनिट घेतले आणि दर युनिटला २० रुपये ठेवला. चारशे रुपयांवर ७२ रुपये कर होऊन गिऱ्हाईक ४७२ रुपये देईल. तीच बॅटरी तो घरी भरील, तर विजेच्या बिलावर त्याला जीएसटी पडणार नाही. आणि स्टेशनवाल्याने महावितरणास दिलेल्या विजेच्या पैशांत जीएसटीच नसल्याने, त्यापोटी वजा करून घेण्यास त्याच्याजवळ काही राहत नाही. ‘शंभर टक्के करमुक्त’ म्हणतात, तो धंदा हा असा.

आता आमच्या विद्यार्थ्याचीच गोष्ट घ्या. त्याच्या दुकानाची वर्षाची उलाढाल ३५ लाखांच्या घरात आहे. केवळ माल विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, म्हणून त्याने नोंदणी केलेली नाही आणि ते कायदेशीर आहे. पण ही ४० लाखांची मर्यादा फक्त मालाचाच व्यापार करणाऱ्यासाठी आहे. सेवा देणाऱ्यासाठी मर्यादा २० लाखांची. त्याने त्याच दुकानाच्या नावे चार्जिंगची सेवा सुरू केली आणि वर्षाला दोन लाख मिळवले, तर तो ‘फक्त माल विकणारा’ राहत नाही. त्याची एकूण उलाढाल ३७ लाख होते, मर्यादा २० लाखांवर उतरते आणि त्याला नोंदणी करावी लागते. मग कर केवळ चार्जिंगच्या दोन लाखांवर थांबत नाही; खतापासून खोबरेल तेलापर्यंत साऱ्या करपात्र मालाचा हिशेब आणि विवरणपत्रे त्याच्या मागे लागतात. कंपोझिशन योजनेची एक सुलभ वाट आहे आणि तीत ठरावीक मर्यादेपर्यंत सेवाही चालते. पण त्या वाटेने जाणाऱ्याला कर गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही आणि यंत्रावरील कर वजाही करता येत नाही.

सवलतीसाठी दार उघडावे आणि त्याच दाराने जन्माची हिशेबतपासणी घरात यावी, अशातला हा प्रकार आहे. पत्रकात याचा एका अक्षरानेही उल्लेख नाही. आम्ही हे समजावून सांगितले तेव्हा तो विद्यार्थी बराच वेळ गप्प बसला.

उपाय नाही असे नाही. चार्जिंगचा धंदा घरातील दुसऱ्या व्यक्तीने, म्हणजे सज्ञान मुलाने किंवा पत्नीने, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या बँकखात्यावर आणि स्वतःच्या श्रमाने चालवला, तर त्याची उलाढाल वेगळी मोजली जाते. २० लाखांपर्यंत त्या धंद्याला नोंदणी लागत नाही. पण तो खरोखर वेगळा असला पाहिजे. नाव पत्नीचे आणि गल्ला नवऱ्याचा, असा कारभार केला तर पुढे खुलासे देत बसावे लागेल. हे पाऊल टाकण्यापूर्वी वाशीम किंवा अकोल्याच्या एखाद्या जाणत्या करसल्लागारास चार पैसे देऊन कागद दाखवावेत. आम्ही शिक्षक आहोत, करसल्लागार नव्हे.

पत्रकातील दुसरे वाक्य : ‘आयकरात दीड लाखाची सूट’. हे वाचून आम्हांस विशेष नवल वाटले, कारण अशी सूट खरोखर होती. आयकर कायद्यातील कलम ८०-ईईबी अन्वये विद्युत्-वाहन खरेदीसाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजापोटी दीड लाखापर्यंत वजावट मिळत असे. पण ती वाहन घेणाऱ्यासाठी होती, स्टेशन काढणाऱ्यासाठी नव्हती. आणि १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. दुसऱ्याच्या नावाची आणि मुदत संपलेली हुंडी दाखवून कोणी पैसे मागावेत, तसे हे आहे.

मग स्टेशन काढणाऱ्या व्यापाऱ्याला आयकरात काय मिळते? घसारा मिळतो. यंत्र झिजते, त्याची किंमत दरवर्षी कमी होते, ती घट खर्च म्हणून उत्पन्नातून वजा होते, यास घसारा म्हणतात. सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर तो १५ टक्के आहे. चार्जरसाठी वेगळा वाढीव दर नेमलेला नसल्याने तो त्यातच मोडतो. पाच लाखांचे यंत्र असेल तर पहिल्या वर्षी ७५ हजारांची वजावट. आणि वर्षात १८० दिवसांहून कमी वापरले असेल तर त्याची निम्मी. मौज अशी की, विजेवर चालणाऱ्या वाहनावर आणि सौर यंत्रणेवर हाच घसारा ४० टक्के दिला जातो. मोटार ४० टक्क्यांच्या रांगेत, छपरावरच्या सौर पट्ट्या ४० टक्क्यांच्या रांगेत आणि दोहोंना जोडणारे यंत्र तेवढे १५ टक्क्यांच्या रांगेत! धोरण आखणाऱ्यांनी हा दुवा का सोडला, ते आम्हांस उमजत नाही.

पण १५ असो की ४० असो, घसाऱ्याचा लाभ हिशेबाची पुस्तके ठेवून करपात्र उत्पन्न दाखवणाऱ्यालाच होतो. आपल्यातील बहुतेक दुकानदार अंदाजित उत्पन्नाच्या सोयीखाली विवरणपत्र भरतात; म्हणजे उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के, इतके उत्पन्न धरून मोकळे होतात. ही सोय फार चांगली आहे. पण तीत घसारा आधीच दिलेला आहे असे कायदा मानतो. तुम्ही पाच लाखांचे यंत्र घ्या किंवा पन्नास लाखांचे घ्या, तुमच्या करात एका रुपयाचाही फरक पडत नाही. आणि ज्याचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खालीच आहे, त्याला तर वजावट कशातून करणार? विहिरीत पाणीच नसेल तर पोहरा मोठा दिला काय आणि लहान दिला काय.

आम्हांस या विषयात जे सांगावयाचे आहे, त्याचे मर्म येथे आहे. करसवलत ही ज्याच्याकडे कर देण्याजोगे काही आहे, त्याच्यासाठी असते. मोठी कंपनी एका हाताने स्टेशन काढते आणि दुसऱ्या हाताने आपल्या इतर धंद्यांच्या नफ्यातून त्याचा घसारा वजा करते. तिला यंत्र प्रत्यक्षात कमी किमतीत पडते. शेलूबाजारच्या किराणा दुकानदाराला तेच यंत्र पूर्ण किमतीत पडते. दोघांसाठी कायदा एकच आहे, अक्षरेही तीच आहेत, पण फळ एकालाच लागते. हा कोणाचा दुष्टपणा आहे असे आम्ही म्हणत नाही. सवलतीची घडणच तशी आहे.

थेट अनुदानाचीही गत फार वेगळी नाही. पत्रकातील तिसरे वाक्य होते, ‘यंत्राची निम्मी किंमत, पाच लाखांपर्यंत, शासन देते’. हे महाराष्ट्राच्या २०२१ च्या धोरणातून उचललेले आहे. त्या धोरणात मंद गतीच्या चार्जरला किमतीच्या ६० टक्के, जास्तीत जास्त १० हजार रुपये, असे १५ हजार चार्जरपर्यंत; आणि मध्यम व जलद चार्जरला ५० टक्के, जास्तीत जास्त ५ लाख रुपये, पण साऱ्या राज्यात मिळून केवळ ५०० चार्जरना, अशी तरतूद होती. त्या धोरणाची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली. त्यानंतरचे २०२५ चे धोरण मार्च २०३० पर्यंतचे आहे आणि त्याच्या अटी निराळ्या आहेत. जुन्या धोरणाचा आकडा दाखवून आज आगाऊ रक्कम मागणारा माणूस एकतर अडाणी आहे किंवा तसा नाही. शिवाय अनुदान ही करसवलत नव्हे. उलट, मिळालेले अनुदान यंत्राच्या किमतीतून वजा करूनच घसारा मोजावा लागतो.

२०२१ च्या त्याच धोरणात सार्वजनिक स्टेशनांची शहरवार उद्दिष्टे होती : मुंबई १,५००, पुणे ५००, नागपूर १५०, नाशिक १००, औरंगाबाद ७५, अमरावती ३० आणि सोलापूर २०. वाशीमचे नाव त्या यादीत नव्हते. मुंबई-नागपूर मार्ग तेवढा सज्ज करावयाच्या चार महामार्गांत धरला होता. म्हणजे आपला उल्लेख झाला, पण रस्त्याच्या निमित्ताने झाला. केंद्राने मार्च २०२३ मध्ये ७,४३२ जलद स्टेशनांसाठी ८०० कोटी रुपये मंजूर केले, ते तीन सरकारी तेल कंपन्यांना. पुढे पीएम ई-ड्राइव्ह योजनेत सार्वजनिक स्टेशनांसाठी २,००० कोटी राखले गेले. आकडे मोठे आहेत. ते दुकानदारापर्यंत झिरपत येतात की नाही, हा प्रश्न आहे. १९६४ पासून राज्यात मागास भागांतील उद्योगांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना चालत आल्या आहेत. कारखाना आला तर सवलत होती. दुकान मात्र त्या हिशेबात कधी बसले नाही.

याहून वेगळे करता येत नाही काय? अमेरिकेत स्टेशन उभारणाऱ्या व्यावसायिकास आयकरात थेट वजावट मिळत असे. २०२२ च्या एका कायद्याने तेथे २०२३ पासून अशी अट घातली गेली की, हा लाभ फक्त अल्प उत्पन्नाच्या किंवा शहराबाहेरच्या वस्त्यांत उभारलेल्या स्टेशनांनाच मिळेल. शहरात धंदा आपोआप चालतो, सवलत खेड्याला हवी, हा विचार त्यात होता. पुढे २०२५ च्या कायद्याने ३० जून २०२६ नंतर सुरू होणाऱ्या स्टेशनांसाठी ही वजावट बंद करण्यात आली, हेही सांगितले पाहिजे. पण ती अट आम्हांस शहाणपणाची वाटते आणि वाशीमसारख्या, २०१८ साली केंद्राने आकांक्षित म्हणून निवडलेल्या, जिल्ह्यासाठी ती मागण्याजोगी आहे.

आपल्याकडे धोरणाची नजर कोठे असते, याचे एक लहान उदाहरण पाहा. २०२१ च्या धोरणात मालमत्ता करात सूट देण्याविषयी प्रोत्साहन होते. पण ते शहरी स्थानिक संस्थांना, आणि तेही राहत्या घरात चार्जर बसवणाऱ्या मालकांसाठी. ग्रामपंचायतीचे नाव नाही, दुकानाचेही नाव नाही. आपल्या येथे घरपट्टी ग्रामपंचायत घेते. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने तिला तो अधिकार दिला आहे. चार्जिंगसाठी घातलेल्या शेडवर पहिली पाच वर्षे घरपट्टीत सूट असावी आणि लहान दुकानदाराची २० लाख-४० लाखांची अडचण दूर व्हावी, असे दोन ठराव ग्रामसभेने करून वर पाठवावेत, अशी आमची सूचना आहे. पैशात मोजली तर घरपट्टीची सूट लहान असेल. पण ती मिळण्यासाठी घसाऱ्याचे पुस्तक लागत नाही.

आता विजेच्या भाराविषयी थोडे, कारण धंदा अखेर तेथेच बसतो किंवा उठतो. महामार्गावर लागतो तसा ६० किलोवॅटचा एक जलद चार्जर म्हणजे पाच अश्वशक्तीचे सोळा कृषिपंप एकदम सुरू केल्यासारखे आहे. त्याला ट्रान्सफॉर्मर हवा, जाड केबल हवी, अनामत हवी; आणि मोटार येवो न येवो, जोडणीचा आकार द्यावाच लागतो. नागपुरात मे २०१७ मध्ये २०० विजेच्या टॅक्सींचा देशातील पहिला मोठा प्रयोग सुरू झाला, त्या वेळी गाड्या अधिक आणि चार्जिंगची जागा कमी, अशी कोंडी होऊन चालकांना तासन्तास रांगेत थांबावे लागल्याच्या बातम्या येत होत्या. खेड्यात भीती उलट आहे : यंत्र तयार आणि गाडी नाही. अशा यंत्रासाठी जमीन गहाण टाकू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. ते काम तेल कंपन्यांनी करावे. त्यांना घसाराही परवडतो आणि वाट पाहणेही परवडते.

आपल्यासाठी जागा आहे ती मंद चार्जरची. तो सव्वातीन-साडेतीन किलोवॅटचा, म्हणजे एका कृषिपंपाहूनही कमी भाराचा. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून विजेच्या दुचाकी आता येऊ लागल्या आहेत. बाजारकरी दोन-तीन तास थांबतोच. तेवढ्यात त्याची बॅटरी बरीच भरते, युनिट तीनच जातात आणि पैसेही थोडेच मिळतात. परंतु ते तीन तास तो तुमच्या दुकानाच्या सावलीत असतो. चार्जिंगचे तीस-चाळीस रुपये हा नफा नव्हे, तो थांबलेला गिऱ्हाईक हा नफा. भगिनींच्या बचत गटाने बाजारतळाजवळ असे दोन-तीन चार्जर चालवले, तर उलढालीची मर्यादाही आड येणार नाही. महावितरणाची जोडणी कोणत्या वर्गात घ्यावयाची, हे मात्र त्यांच्या कार्यालयात आधी लेखी विचारून घ्यावे. २०१८ साली राज्यात चार्जिंगसाठी वेगळा वीजदर-वर्ग ठरला आहे, तो दुकानाच्या दराशी ताडून पाहावा. आणि शेतजमिनीवर काही उभारावयाचे असेल, तर अकृषिक वापराविषयी तहसील कार्यालयात चौकशी केल्यावाचून एक खांबही रोवू नये.

आमच्या त्या विद्यार्थ्याने पत्रकवाल्यास आगाऊ रक्कम अद्याप दिलेली नाही. कंपनीचा माणूस पुढील महिन्यात पुन्हा येणार आहे म्हणतात. त्याच्याकडून तीन गोष्टी लेखी मागाव्यात, असे आम्ही सांगितले आहे : सवलतीचा शासन-निर्णय क्रमांक व मुदतीची तारीख, ती सवलत नोंदणी नसलेल्या व्यापाऱ्यास मिळते काय, आणि मिळाली नाही तर आगाऊ रक्कम किती दिवसांत परत करणार. आपल्यापैकी आणखी ज्यांच्याकडे असे पत्रक आले असेल, त्यांनी हेच विचारावे.

मंडळाच्या चालकांच्या संमतीने येथे एक गोष्ट जाहीर करतो. येत्या महिन्यातील पहिल्या दोन रविवारी सकाळी नऊ ते अकरा आम्ही मंडळाच्या कार्यालयात बसणार आहोत. मंडळातील दोन पदवीधर तरुण, जे करसल्लागाराच्या कार्यालयात काम करतात, तेही सोबत राहतील. येताना पत्रक, सात-बाराचा उतारा, विजेचे शेवटचे बिल आणि गेल्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे आणावीत. ज्यांनी विवरणपत्र कधी भरलेच नाही, त्यांनीही संकोच न धरता यावे.